घरच्या ड्राफ्ट बिअरचा ताळमेळ: दाब, नळी आणि फेस यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं अमेरिकेत घरी केग (बिअरचं स्टीलचं पिंप) लावणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. त्यामुळे मापं तिथल्या दुकानातली आहेत: १९ लिटरचा कॉर्नी केग (कोल्ड्रिंकच्या धंद्यातला उभट पिंप), पाच पौंडी (२.३ किलोचा) सिलिंडर, ३/१६ इंची नळी. दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड) दिला आहे, कारण रेग्युलेटरच्या तबकडीवर तोच आकडा असतो. तबकडी बारमध्ये असेल तर १४.५ पीएसआय म्हणजे १ बार.

‘बॅलन्स्ड’ सिस्टिम म्हणतात, तर नेमकं काय जुळवायचं असतं?

बिअरचं तापमान, केगवरचा गॅसचा दाब आणि नळीचा अडथळा, या तीन गोष्टी. बिअरमध्ये किती कार्बन डायऑक्साइड विरघळून राहणार, हे तापमान आणि दाब मिळून ठरवतात. दाब बरोबर असेल तर केगमधली बिअर पहिल्या ग्लासपासून शेवटच्या ग्लासपर्यंत तशीच राहते, गॅस आतही शिरत नाही आणि बाहेरही पडत नाही. हाच दाब बिअरला नळाकडे ढकलतो. तो पुरताच्या पुरता नळापर्यंत पोचला तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तेच होणार. म्हणून वाटेत नळीने तो दाब हळूहळू खाऊन टाकायचा असतो.

क्रम मात्र ठरलेला आहे. आधी तापमान, मग बिअरला किती गॅस हवा ते, त्यावरून दाब आणि सगळ्यात शेवटी नळीची लांबी. बहुतेक घरांत हे उलट होतं. दुकानातून किटबरोबर पाच फुटी नळी येते, ती जोडली जाते आणि मग नळीला शोभेल असा दाब शोधत लोक महिनाभर रेग्युलेटरचा स्क्रू फिरवत बसतात.

दाब किती ठेवायचा?

विरघळलेला गॅस ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. २.५ व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस. बहुतेक अमेरिकी एल आणि लागर २.४ ते २.७ मध्ये बसतात, ब्रिटिश धाटणीच्या एल दोनच्या आसपास, जर्मन गव्हाची बिअर ३ किंवा त्याहूनही वर.

२.५ व्हॉल्यूमसाठी लागणारा दाब असा:

२ अंश सेल्सिअसला १० पीएसआय
४ अंशांना १२
६ अंशांना जवळपास १४
८ अंशांना साडेपंधरा
१० अंशांना साडेसतरा

बिअर ४ अंशांवरच ठेवून गॅस बदलायचा असेल तर २.२ व्हॉल्यूमला साडेआठ ते नऊ, २.७ ला १४ आणि ३ ला १७ पीएसआय. पहिल्यांदाच करणाऱ्याने ४ अंश आणि १२ पीएसआय ही जोडी धरावी. पुढची सगळी उदाहरणं तिच्यावरच आहेत.

फेस फार येतो. दाब कमी केला तर थांबेल ना?

पहिले दोन-चार ग्लास थांबेल. मग वाढेल. सगळ्यात जास्त बिअर याच एका गैरसमजापायी मोरीत जाते.

होतं असं. बिअर ४ अंशांवर १२ पीएसआयला मुरलेली आहे. फेस आला म्हणून दाब ६ वर आणला. आता बिअरमध्ये जेवढा गॅस आहे तेवढा धरून ठेवायला ६ पीएसआय पुरत नाही. नळीत बिअर उभी असताना त्यातून बुडबुडे सुटतात आणि वर जाऊन नळीत गॅसचा पोकळ पट्टा तयार होतो. दुसऱ्या दिवशी नळ उघडला की आधी फुस्स, मग थुंकल्यासारखा फेस, मग बिअर. त्यावर दाब आणखी कमी केला जातो. आठवड्याभरात बिअर सपक आणि ग्लासात तरी फेसच. सपकही आणि फेसाळही, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की दाब कमी पडतोय हे नक्की समजावं.

फेस आला की रेग्युलेटरकडे जाणारा हात आवरा. दाब तक्त्यावरून ठरवायचा आणि तिथेच ठेवायचा. वेग कमी करायचा असेल तर नळी लांब करायची.

मग नळी किती लांब घ्यायची?

पुस्तकी हिशेब असा: केगवरचा दाब घ्या. केगच्या मध्यापासून नळ जितके फूट उंच असेल, त्याच्या दर फुटाला अर्धा पीएसआय वजा करा. नळाशी बिअर वाहती राहावी म्हणून आणखी १ पीएसआय वजा करा. उरलेल्या आकड्याला नळीच्या दर फुटाच्या अडथळ्याने भागा.

नळ केगच्या मध्यापेक्षा २ फूट उंच असेल, तर १२ मधून १ उंचीचा गेला, १ नळाचा गेला, राहिले १०. तक्ते ३/१६ इंची व्हिनाइल नळीला दर फुटाला ३ पीएसआय देतात. म्हणजे नळी झाली सव्वातीन फूट. एवढी नळी जोडून बघा, ग्लासात पांढरा ढग मिळेल.

गणितात चूक नाही, फक्त ते ३ पीएसआय बारमध्ये ओतण्याच्या वेगासाठी आहेत, मिनिटाला साधारण एक गॅलन. नळीचा अडथळा हा ठरीव आकडा नसतो, तो वेगाबरोबर बदलतो. वेग निम्मा केला की दर फुटाचा अडथळा जवळपास एक-तृतीयांशावर येतो. घरी आपल्याला बारपेक्षा संथ ओतणं परवडतं, शिवाय घरचा नळ आणि शँक (दारातून आरपार जाणारा नळाचा दांडा) बारइतके गार नसतात, त्यामुळे ते संथच हवं. म्हणून व्यवहारात १२ पीएसआयला ३/१६ इंची नळी १० फूट, म्हणजे ३ मीटर घ्या. अमेरिकी पाइंट, ४७३ मिलिलिटर, १० ते १२ सेकंदांत भरावा. आठ सेकंदांच्या आत भरत असेल तर नळी आखूड आहे. पंधराच्या पुढे जात असेल तर एका वेळी एक फूट कापत जा. नळी लांब निघाली तर बिअर फक्त संथ येते, आखूड निघाली तर नवी आणावी लागते. तेव्हा आधी लांबच घ्या.

नळीचा व्यास जरासा वेगळा असला तर इतकं काय बिघडतं?

बरंच. अडथळा व्यासाच्या जवळपास पावणेपाचव्या घाताने बदलतो. आतला व्यास ५ टक्के मोठा निघाला तर अडथळा पाचव्या भागाने घटतो. ३/१६ ऐवजी १/४ इंची नळी आणली, बघायला गेलं तर फरक दीड मिलिमीटरचा, तर तेवढ्याच अडथळ्याला १० फुटांऐवजी ४० फूट लागतील. हार्डवेअरच्या दुकानातून ‘साधारण तेवढीच’ नळी आणू नये, ती याच कारणाने. शिवाय ती अन्नासाठीची नसते, आणि बिअरला प्लास्टिकचा वास लागतो.

व्हिनाइल घ्यावी की ईव्हीए बॅरिअर?

नवीन लावत असाल तर ईव्हीए बॅरिअर, आतून ४ मिलिमीटर आणि बाहेरून ८. तिला आतून अस्तर असतं. त्यामुळे हवेतला ऑक्सिजन नळीच्या भिंतीतून बिअरपर्यंत पोचत नाही आणि एका बिअरचा वास पुढच्या बिअरला लागत नाही. व्हिनाइलमधून एकदा रूट बिअर (उग्र वासाचं अमेरिकी कोल्ड्रिंक) गेली की ती नळी कायमची रूट बिअरचीच. ४ मिलिमीटर व्यासामुळे लांबीही कमी लागते: १२ पीएसआयला दीड मीटर पुरते. ती ढकलून बसवायच्या फिटिंगमध्ये जाते, क्लॅम्प लागत नाहीत. टोक मात्र धारदार पात्याने काटकोनात कापलेलं हवं. कात्रीने कापलेलं तिरकं टोक ओ-रिंगवर नीट बसत नाही, आणि गळती सुरू होते ती दोन दिवसांनी, सगळं आवरून झाल्यावर.

व्हिनाइलचा एक फायदा मात्र खरा आहे. ती काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे बिघाड शोधताना आतले बुडबुडे स्पष्ट दिसतात.

एका नळासाठी काय काय आणायचं?

केग: बॉल लॉक कॉर्नी. पिन लॉकही चालतो (फरक नळ्या जोडायच्या टोकांत), पण सुटे भाग बॉल लॉकचे सहज मिळतात. जुना घेतला तर त्याच्या पाचही ओ-रिंग बदला: झाकणाची एक मोठी, दोन्ही पोस्टच्या (केगवरची नळ्या जोडायची टोकं) दोन आणि आत डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगमध्ये उतरणाऱ्या नळ्या) दोन. जुने केग कोल्ड्रिंकच्या धंद्यातून आलेले असतात, तो वास रबरात बसलेला असतो.

गॅस: पाच पौंडी सिलिंडर. दोन तबकड्यांचा रेग्युलेटर, एक सिलिंडरचा दाब दाखवणारी आणि दुसरी केगला जाणारा. ५/१६ इंची गॅसची नळी मीटरभर. पोस्टवर अडकवायचे डिस्कनेक्ट: करडा गॅससाठी, काळा बिअरसाठी. डिस्कनेक्ट आट्यांचे घ्या, खाचांवर नळी थेट ढकलून बसवायचे नकोत. आट्यांचे साफ करताना सहज खोलता येतात.

नळ: खर्च करायचा तर इथे करा. साध्या नळात बंद करणारी पट्टी मागे असते, त्यामुळे तोंडात राहिलेली बिअर हवेत वाळते आणि दुसऱ्या दिवशी दांडी चिकटते. ‘फॉरवर्ड सील’ नळ तोंडापाशी बंद होतो, आत बिअर भरलेलीच राहते. धातू स्टेनलेस ३०४ घ्या. क्रोमचा मुलामा दिलेला पितळी नळ स्वस्त पडतो, पण मुलामा झिजला की आंबट बिअर थेट पितळाला लागते आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते.

शँक दाराच्या जाडीपेक्षा दोनेक इंच लांब घ्या.

जोडणी कोणत्या क्रमाने?

फ्रीजच्या दारातून शँक न्यायची असेल तर ७/८ ते १ इंचाचं भोक पाडा. दारात बर्फ-पाण्याच्या यंत्राच्या वायरी असतील तर त्यांची जागा आधी बघून घ्या.

व्हिनाइल नळीचं टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा. मऊ पडली की ती खाचांवर सहज चढते. थंड नळी जोर लावून चढवताना हात घसरतो आणि बोटं सोलवटतात. वर क्लॅम्प आवळा.

रेग्युलेटर सिलिंडरवर बसवताना मध्ये वॉशर हवाच. फायबरचा असेल तर दर वेळी नवा. या जोडाला टेफ्लॉन टेप लावू नये. इथे गॅस वॉशर अडवतो, आटे नाहीत. टेपमुळे उलट वॉशर नीट दाबला जात नाही. पान्याने घट्ट करा. मग दाबाचा स्क्रू डावीकडे फिरवून पूर्ण सैल करा आणि मगच सिलिंडरची चावी सावकाश उघडा.

केग भरल्यावर झाकण लावून ३० पीएसआय द्या. जोराने दाबलं गेलं की झाकणाची ओ-रिंग बसते. आता झाकणावरच्या व्हॉल्व्हची कडी ओढून गॅस सोडा, परत भरू द्या, परत सोडा. दर वेळी आतली हवा तिसऱ्या भागावर येते, पाच वेळा केलं की अडीचशेव्या भागाच्या आसपास. बिअर ऑक्सिजनने लवकर बिघडते, तेव्हा ही पाच मिनिटं वाचवू नका. मग दाब १२ वर आणा. स्क्रू सैल केला तरी तबकडीचा काटा आपोआप खाली येत नाही. नळीतला आणि केगमधला जास्तीचा गॅस कडी ओढून सोडला की काटा खरा आकडा दाखवतो.

बिअरमध्ये गॅस मुरायला किती दिवस?

१२ पीएसआय, ४ अंश, आणि हात न लावता दोन आठवडे. घाई असेल तर थंड बिअरला ३० पीएसआय २४ ते ३६ तास द्या, मग सिलिंडर बंद करून वरचा गॅस सोडा आणि १२ वर आणा. उरलेलं दोन-तीन दिवसांत जुळतं. केग मांडीवर घेऊन हलवायची पद्धतही आहे, तासाभरात काम होतं. पण किती गॅस गेला याचा अंदाज राहत नाही आणि जास्त गेला तर काढायला दोन दिवस लागतात.

तो जास्त गेलेला गॅस काढायचा कसा?

गॅसचा डिस्कनेक्ट काढा. कडी ओढून दाब सोडा. काही तासांनी बिअरमधला गॅस वर येऊन पुन्हा दाब तयार होतो, पुन्हा सोडा. दिवसातून तीन-चारदा, एक-दोन दिवस. केग तोंडापर्यंत भरलेला असेल तर हळूच ओढा, नाहीतर फेस छतापर्यंत.

फ्रीज बरा की चेस्ट फ्रीझर?

एक-दोन केगना फ्रीज, तीन-चारांना चेस्ट फ्रीझर. फ्रीझरला बाहेरून तापमान नियंत्रक लावावा लागतो, नाहीतर तो बिअरचा बर्फ करील. नियंत्रकात कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला किमान ३ ते ५ मिनिटांचा विलंब ठेवा.

फ्रीझरच्या बाजूंना भोकं पाडू नका. थंडाव्याच्या नळ्या त्या भिंतींमध्येच असतात आणि एक ड्रिल चुकीच्या जागी गेलं की फ्रीझर भंगारात. झाकण काढून खाली लाकडी चौकट बसवतात, सहा-आठ इंच उंचीची, आणि नळ त्या चौकटीतून काढतात. तळाची थंड हवा वर येत नाही, म्हणून संगणकातला छोटा १२ व्होल्टचा पंखा आत लावा. तळ आणि चौकट यांच्यात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, आणि नळी त्याच चौकटीत गुंडाळलेली असते.

तापमान कुठे मोजायचं?

हवेत नाही. नियंत्रकाचा सेन्सर केगच्या पोटाला, बिअरच्या पातळीखाली टेपने चिकटवा आणि वरून बबल रॅपची चौपदरी पट्टी लावा. हवेत लोंबता ठेवला तर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू, बंद केलं की बंद, आणि बिअरचं खरं तापमान कुणालाच ठाऊक नाही. खात्री करायची असेल तर सलग दोन ग्लास ओतून दुसऱ्यात थर्मामीटर बुडवा. तक्त्यात हाच आकडा धरायचा.

फक्त पहिला ग्लास फेसाचा, पुढचे छान. का?

सिस्टिम बरोबर आहे, नळ गरम आहे. टॉवर असेल तर फ्रीजच्या वर उभ्या खांबात नळीचा फूटभर भाग खोलीच्या तापमानाला असतो. त्यातल्या बिअरमधून गॅस सुटतो. पुढच्या ग्लासाला टॉवर थंड झालेला असतो. उपाय: छोट्या पंख्याला पाइप जोडून फ्रीजमधली हवा थेट टॉवरच्या टोकापर्यंत ढकला. टॉवरमध्ये नुसता फोम भरल्याने फार फरक पडत नाही, कारण तिथे थंडी येण्याचा रस्ताच नसतो. दारातून नळ काढलेला असेल तर हा त्रास निम्मा होतो. पहिले ५०–६० मिलिलिटर वेगळ्या पेल्यात काढून टाकणं हा आळशी पण चालणारा उपाय.

प्रत्येक ग्लास फेसाचा येतो. सुरुवात कुठून?

टॉर्च घ्या आणि नळीवर मारा. काय दिसतं त्यावर पुढचं.

नळ उघडल्याबरोबर केगच्या टोकाकडूनच बुडबुड्यांची माळ सुटते आहे? मग नळीचा दोष नाही. बिअरच्या पोस्टखाली डिप ट्यूबची छोटी ओ-रिंग असते. ती चिरली की केगच्या वरच्या भागातला गॅस त्या फटीतून बिअरच्या धारेत ओढला जातो. दहा सेंटची रिंग आणि महिनाभराचं डोकेदुखीचं कारण. दाब पूर्ण सोडून पोस्ट खोला, रिंग बदला, फूड-ग्रेड ग्रीसचा हलका हात फिरवा. रिंग ठीक असेल तर पॉपेटमध्ये (पोस्टमधला स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह) हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) चोथा अडकलाय का बघा. सुक्या हॉप्स केगमध्ये मोकळ्या टाकल्या की हे ठरलेलंच. धार चोथ्याच्या आजूबाजूने वाट काढते, तिथे दाब एकदम उतरतो आणि फेस तयार होतो.

बिअर वाहताना नळी स्वच्छ, पण तास-दोन तास बंद ठेवल्यावर नळीच्या उंच भागात गॅसचा पट्टा जमतो? मग दाब कमी पडतोय, किंवा नळी केगपेक्षा गरम जागी आहे. गुंडाळी चौकटीतून काढून केगच्या झाकणावर ठेवून बघा.

नळीत काहीच नाही आणि फेस थेट नळाच्या तोंडाशी? नळी आखूड, नळ गरम किंवा नळ घाण. नळ खोलून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर कारण सापडलं.

आणि ओतण्याची पद्धत. दांडी एका झटक्यात पूर्ण उघडायची. अर्धी उघडली की फट अरुंद होते आणि बिअर तिथेच फुटते. हात जड आहे म्हणून हळूहळू उघडणारा पाहुणा हमखास फेसाचा ग्लास घेऊन जातो. ग्लास तेलकट नको आणि फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा थर चढलेला तर अजिबात नको. त्या थरावर बिअर आपटून गॅस सोडते. साध्या थंड पाण्याने विसळलेला ओला ग्लास सगळ्यात चांगला.

नळावर वेग कमी करायची किल्ली असते, ती घेतली तर नळीचा हिशेब टाळता येईल?

थोडाफार. फ्लो कंट्रोलचा नळ एकाच सिस्टिमवर वेगवेगळ्या बिअर आलटून पालटून लावणाऱ्याला उपयोगी. पण सगळा दाब एकाच जागी तोडला की फेस होतोच. नळीने काम नव्वद टक्के करावं, उरलेलं नळाने.

दुकानातला केग आणला तर काय वेगळं?

त्याला सँकी नावाचा व्हॉल्व्ह असतो, अमेरिकी केगना डी प्रकारचा कपलर (व्हॉल्व्हवर बसवायची जोडणी) लागतो. १/६ बॅरल म्हणजे १९.५ लिटर, घरच्या फ्रीजला योग्य. अर्धा बॅरल ५८.७ लिटर, भरलेला एकट्याने उचलायचा विचार करू नका. गाडीतून आणल्यावर २४ तास थंडीत स्थिर ठेवा, तोवर ओतू नका. हातपंपाने हवा भरून चालवायचा केग त्याच दिवशी संपवावा लागतो. गॅसवर असेल तर दीड-दोन महिने टिकतो.

एका सिलिंडरमध्ये किती केग होतात?

१९ लिटर बिअरमध्ये २.५ व्हॉल्यूम म्हणजे ४७.५ लिटर गॅस, वजन सुमारे ९४ ग्रॅम. आंबताना त्यातला तिसरा भाग आधीच आत असतो, म्हणून भरावे लागतात साठेक ग्रॅम. बिअर ओतताना रिकामी होणारी जागा १२ पीएसआयच्या गॅसने भरायला आणखी साधारण ६७. हवा काढायला उडवलेला गॅस धरून २०० ग्रॅम म्हणा. २.३ किलोला १० ते ११ केग. चार केगमध्ये सिलिंडर संपत असेल तर गळती आहे, दुसरं काही नाही.

किती उरला हे तबकडी सांगत नाही. आत द्रव शिल्लक आहे तोवर २१ अंशांना काटा ८५० च्या आसपासच राहतो आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. सिलिंडर फ्रीजमध्ये ठेवला तर तोच काटा पाचशेच्या घरात येतो. घाबरून लगेच भरायला नेऊ नका. वजनकाट्यावर ठेवा आणि खांद्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करा. अमेरिकेत सिलिंडरची चाचणी दर पाच वर्षांनी लागते. तारीख उलटून गेलेला सिलिंडर भरून मिळत नाही.

गळती कशी शोधायची?

भांडी घासायचा साबण पाण्यात, स्प्रेची बाटली, सगळे जोड: वॉशर, नळ्यांची टोकं, करडा डिस्कनेक्ट, झाकणाची कड, कडीचा व्हॉल्व्ह. बुडबुडा वाढताना दिसेल. तरी सापडलं नाही तर रात्री सिलिंडर बंद करून सिलिंडरच्या दाबाच्या तबकडीचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा; सकाळी तो खाली आला असेल तर गळती आहे. बिअर पूर्ण मुरलेली असताना हे करा, नाहीतर बिअर गॅस पीत राहील आणि तुम्ही गळती समजाल.

सफाई किती दिवसांनी?

दर दोन आठवड्यांनी, आणि प्रत्येक केग बदलताना. बिअर लाइनसाठीचा कॉस्टिक क्लीनर बाटलीवरच्या प्रमाणात कोमट पाण्यात घाला, नळीतून पंपाने १५ मिनिटं फिरवा. पंप नसेल तर भरून २० मिनिटं उभं ठेवा. मग थंड पाण्याने भरपूर धुवा. नळ खोलून ब्रशने. दर तीन महिन्यांनी आम्लाचा वेगळा हात, बिअर स्टोन म्हणजे नळीत चढणारं क्षारांचं पुट काढायला. कॉस्टिक आणि आम्ल एकत्र कधीच नाही, मध्ये पाणी. हातमोजे आणि चष्मा लावा, कॉस्टिक डोळ्यात गेलं तर खेळ नाही. घरातलं ब्लीच स्टेनलेसला वापरू नका. त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि तिथेच पुढे घाण बसते.

दोन नळांवर दोन वेगळ्या बिअर, एक गव्हाची. काय करायचं?

दोन दाब, म्हणजे दुहेरी रेग्युलेटर, आणि प्रत्येकीची नळी तिच्या दाबाला साजेशी. गव्हाच्या बिअरला १७ पीएसआय असेल तर ३/१६ इंची नळी साडेचार मीटरच्या आसपास.

स्टाउटचा (काळी, दाट बिअर) तो मलईसारखा फेस घरी येईल?

येईल, पण सिस्टिम वेगळी: ७० ते ७५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण, ३० ते ३५ पीएसआय, नळात बारीक छिद्रांची चकती, आणि बिअरमध्ये गॅस १.१ ते १.३ व्हॉल्यूमच. सिलिंडरचे आटे वेगळे असतात, म्हणून रेग्युलेटरही वेगळा घ्यावा लागतो.

समुद्रसपाटीपासून मैलभर उंच डेन्व्हरला राहतो. तक्ता तोच?

दर २००० फुटांना १ पीएसआय वाढवा. डेन्व्हरला अडीच. तबकडी बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवते, आणि तिथे बाहेरची हवाच विरळ.

गॅस धोक्याचा आहे का?

बेसमेंटमध्ये आणि छोट्या खोलीत, हो. पाच पौंडी सिलिंडर पूर्ण रिकामा झाला तर साधारण १२०० लिटर गॅस होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि चार टक्क्यांपासूनच जिवाला धोका मानतात. हवेपेक्षा जड असल्याने तो चेस्ट फ्रीझरच्या तळाशी साचतो. गळतीचा संशय असेल तर आत डोकं घालून शोधू नका. झाकण उघडं टाका, खिडक्या उघडा, थोड्या वेळाने या. बेसमेंटमध्ये कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथे उपयोगाचा नाही. सिलिंडर उभाच ठेवा, साखळीने बांधून. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. गाडीतून नेताना काचा खाली.

हे पुण्यात किंवा मुंबईत करता येईल?

बिअर घरी बनवणं, नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवायला संघराज्य पातळीवर करमाफी मिळाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. राज्यांचे नियम त्याहून वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा तर परवानगी द्यायला २०१३ मध्ये तयार झाले. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे आणि घरच्यापुरतं म्हणून त्यात सूट नाही.

सोड्याला मात्र कुणाची हरकत नाही, आणि सिस्टिम हीच. केगमध्ये गाळलेलं थंड पाणी, ४ अंश, २८ पीएसआय, दोन-तीन दिवस. म्हणजे चार व्हॉल्यूमचा कडक सोडा. दाब वाढला म्हणून नळीही लांब: ३/१६ इंची असेल तर सात मीटर, ४ मिलिमीटरची असेल तर साडेतीन. गॅस अन्नासाठीचाच घ्या, वेल्डिंगचा नको. कोकमचं आगळ किंवा लिंबाचा पाक केगमध्ये घालू नका, ग्लासात घाला आणि वरून सोडा सोडा. साखर नळीत गेली की आठवड्यात नळाची दांडी चिकटते.